सदानंद धुरीचं हवाईयन

कुवेतमधल्या अबू हलीफात ज्या इमारतीत सदानंद धुरी राहतो, त्या इमारतीतलं एकही यंत्र खोटं बोलत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाचा वजनकाटा दीड किलो कमी दाखवायचा आणि ते घर मोठ्या आनंदात होतं. सदानंदने एका शुक्रवारी तो आपणहून सरळ करून दिला. तेव्हापासून त्या घरातलं कोणी जिन्यात भेटलं तर मान खाली घालून जातं. हारिसच्या, म्हणजे रखवालदाराच्या, खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ पुढे पळायचं, तेही त्याने ताळ्यावर आणलं. हारिसची दुपारची झोप त्यामुळे आखूड झाली. त्याने सदानंदला माफ केलं, पण विसरला नाही.

ही सवय पोटापाण्याची. सदानंद तेलाच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. पाइपावर, टाकीवर, बॉयलरवर जे जे गोल तोंडाचं गेज बसवलेलं असतं, ते खरा आकडा दाखवतंय की मनचा, हे तपासायचं काम त्याचं. तपासायचं कसं, तर आपल्याकडचं खात्रीचं मास्टर गेज शेजारी लावायचं आणि दोघांचे काटे ताडून बघायचे. जुळले तर स्टिकर चिकटवायचा. नाही जुळले तर स्क्रूड्रायव्हर काढायचा. गावाकडे, कुडाळजवळ, आयटीआय केल्यापासून तो हेच करत आला. कुवेतला आल्यावर पहिली काही वर्षं जलीब अल शुयूखमध्ये एका खोलीत सात जणांबरोबर काढली, तेव्हासुद्धा आमटीला मीठ किती हे त्याच्या जिभेवरून ठरायचं. सात जण भांडायचे, पण आमटी त्याच्याकडेच आणून द्यायचे.

असा हा माणूस. आता याच्या बोलण्याबद्दल. प्लांटवर तो भरपूर बोलतो, घरी मोजकं बोलतो, आणि मनातलं अजिबात बोलत नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली, तेव्हा वीणाने मिरजेहून पाठ करून आणलेला सहा ओळींचा उखाणा खणखणीत म्हटला. तिच्यामागून सदानंदची पाळी. मांडवभर माणसं कान टवकारून बसलेली. तो म्हणाला, "हिचं नाव वीणा. सगळ्यांना माहीत आहेच." आणि खाली बसला. मिरजेच्या मावश्या आजही हा उखाणा एकमेकींना म्हणून दाखवतात.

वीणा त्यावर कधी रागावली नाही. ती डायलिसिसची नर्स. दिवसभर लोकांच्या कुरकुरी ऐकणाऱ्या बाईला घरी न बोलणारा नवरा एका परीने सोयीचा असतो. शिवाय सदानंदचं प्रेम इतर वाटांनी बाहेर पडायचं. दर गुरुवारी तो तिच्या गाडीच्या चारही टायरांची हवा तपासायचा. तिचा चष्मा, तिची वॉशिंग मशीन, तिच्या बुटांची लेस, सगळ्यांवर त्याची नजर. एकदा तिला ताप आला तर त्याने तीन थर्मामीटर लावून बघितले. ताप उतरल्यावर तिने विचारलं, "एवढी काळजी वाटली होती?" तर म्हणाला, "दोन थर्मामीटर जुळत नव्हते."

तर हे सगळं व्यवस्थित चालू असताना मध्येच एक हज्जी आला.

हा वीणाच्या वॉर्डातला म्हातारा कुवेती पेशंट. दिवसाआड डायलिसिसला यायचा. सोबत त्याची म्हातारी. तिला चार तास बसवायचं नाही, म्हणून यंत्र सुरू झालं की तो तिला घरी पाठवायचा. पाठवताना दर वेळी तिला बोटाने जवळ बोलवायचा आणि म्हणायचा, "अहिब्बिच." माझं तुझ्यावर प्रेम आहे. म्हातारी अबायाचा पदर सारखा करत "ज़ैन, ज़ैन" म्हणायची, बरं बरं, आणि निघून जायची. हे दर खेपेला. तिला त्याचं काही विशेष वाटत नसे. वीणाला मात्र वाटायला लागलं.

एका संध्याकाळी तिने पोळी लाटता लाटता विषय काढला.

"अहो, लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत."

"काय?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"आर्यन, तुझ्या वडिलांना सांग तेच म्हणजे काय."

आर्यन त्यांचा मुलगा. बारावीत, इथेच जन्मलेला. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत देतो. त्याने मोबाइलमधून डोकं न उचलता सांगितलं, "शी मीन्स आय लव्ह यू, बाबा."

सदानंदच्या हातातली कोशिंबिरीची वाटी कलली.

"ह्या वयात?" तो म्हणाला.

"हज्जी ऐंशीचा आहे," वीणा म्हणाली. "मला फार काही नको. एकदा म्हणा. नीट म्हणा, खोकत खोकत नको. मराठीत जमत नसेल तर कुठल्याही भाषेत म्हणा. मी ऐकून घेईन, आणि परत कधी विचारणार नाही."

तिने हे हसत म्हटलं होतं, पण पोळी तव्यावर टाकायला विसरून ती त्याच्याकडे बघत उभी होती. सदानंदने ते बघितलं. गेज बघणाऱ्या माणसाला काटा किती हलला हे कळतं.

त्याच रात्री जेवण झाल्यावर तो गॅलरीत जाऊन कामाला लागला. आधी मराठी. 'माझं' पर्यंत गाडी आली आणि घशात अडकली. हिंदीत म्हणून बघितलं, तर आपण झाडामागून डोकं काढून बोलतोय असं वाटलं. इंग्रजीतलं आर्यनचे मित्र फोन ठेवताना पिझ्झावाल्यालाही म्हणतात. अरबीत म्हणावं तर खाली हारिस बसलेला, त्याला समजणार, आणि तो घड्याळाचा सूड उगवणार. मल्याळममध्ये तर नकोच. वीणाच्या वॉर्डात निम्म्या सिस्टर केरळच्या आणि उरलेल्या फिलिपिन्सच्या. म्हणजे त्यांचीही भाषा गेली.

"मला अशी भाषा पाहिजे," तो आर्यनला म्हणाला, "की ती कुवेतमध्ये कोणालाच येत नाही."

"बट मॉमला पण येणार नाही ना?"

"तिला मी अर्थ सांगीन."

"देन यू हॅव टू से इट इन मराठी एनीवे."

सदानंदने या मुद्द्याकडे दुर्लक्ष केलं. आर्यनने खांदे उडवले आणि जाता जाता म्हणाला, "हवाईयन ट्राय करा. आय हॅव नेव्हर मेट एनीवन फ्रॉम हवाई."

सदानंदने मोबाइलवर हवाई बघितलं. निळा समुद्र, माड, ताटात मासा आणि भात. त्याला एकदम बरं वाटलं. आपलीच माणसं.

वाक्य लहान होतं. अलोहा वाउ इआ ओए. व्हिडिओत कानामागे फूल खोचलेल्या एक वयस्क बाई ते शिकवत होत्या. त्या सांगत होत्या की अलोहा हा नुसता नमस्कार नाही, त्यात प्रेमही येतं. 'लो'वर जोर द्यायचा. 'वाउ'मधला व ओठ दाबून म्हणायचा नाही आणि ओठांचा चंबू करूनही म्हणायचा नाही, दोन्हीच्या मध्ये कुठेतरी. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे जड जातं, असं बाई म्हणाल्या. सदानंदने आपला मराठी व म्हणून बघितला. तो बरोबर मध्येच पडत होता. इतकी वर्षं फुकट वापरत असलेली वस्तू मौल्यवान निघावी तसा त्याला आनंद झाला. 'इआ'तला इ ऱ्हस्व, आ दीर्घ, लांबवायचा. हेही शाळेत शिकलेलं.

घोडं अडलं ते शेवटच्या 'ओए'पाशी. त्याच्या आधी एक उलट्या स्वल्पविरामासारखं चिन्ह होतं. सदानंदने आधी ते स्क्रीनवर चिकटलेलं काहीतरी समजून बाहीने पुसलं. गेलं नाही. बाईंनी सांगितलं, ते अक्षरच आहे, त्याला ओकिना म्हणतात. तिथे घसा क्षणभर बंद करायचा आणि मग ओ सोडायचा. सदानंदने बंद केला, तो बंदच राहिला. दुसऱ्यांदा सोडला, तर गुरं हाकल्यासारखा "ओए" बाहेर पडला आणि खालच्या पार्किंगमधून हारिसने वर बघितलं. बाईंचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून त्याने व्हिडिओचा वेग निम्मा केला. आता बाई प्यायल्यासारख्या बोलायला लागल्या. तोही तसाच शिकला, आणि सकाळी परत पूर्ण वेगात विसरावं लागलं.

मास्टर गेज पाहिजे होतं. समोर बसून बरोबर की चूक सांगणारं.

प्लांटच्या कँटीनमध्ये हमदी भेटला. हमदी इजिप्तचा, सेफ्टी ऑफिसर. सदानंदने त्याला विचारलं की घशात मध्येच थांबायचं असेल तर काय करावं. हमदीने चहाचा पेला खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस?"

"आजार नाही. उच्चार आहे."

"कुठला उच्चार?"

"शुभेच्छा," सदानंद म्हणाला. "एका परदेशी ग्राहकासाठी."

मग हमदीने हसून सांगितलं की हा तर हमज़ा. अरबीत पावलोपावली येतो. त्याने तिथल्या तिथे बारा वेळा करून दाखवला, शेजारच्या टेबलावरची माणसं सरकून बसली. तरी सदानंदला सापडेना. शेवटी हमदी म्हणाला, "तुमच्याकडे कोणी जास्त भात वाढायला लागलं आणि तुला नको असेल, तर तू काय करतोस?"

सदानंदने ताटावर हात आडवा धरल्यासारखा केला आणि म्हणाला, "अं-अं."

"मधे काय झालं?"

सदानंदने परत केलं. अं, मग घसा बंद, मग अं. इतकी वर्षं जेवताना तो रोज हवाईयन बोलत होता.

आता फक्त सराव राहिला. घरी करायची सोय नव्हती. प्लांटवर मोबाइल नेता येत नाही, पण वाक्य आता पाठ होतं. दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या टाकीच्या माथ्यावरचं एक गेज उतरवायचं होतं. वर तो एकटा. वारा सुटलेला, आसपास काही नाही, खाली चकचकीत पाइपांचं जंगल आणि पलीकडे समुद्र. त्याने सेफ्टीचा पट्टा छातीवर आवळून घेतला, गेजचा नट ढिला केला आणि समुद्राकडे तोंड करून सुरुवात केली.

"अलोहा वाउ इआ ओए."

जमलं नाही. परत. "अलोहा वाउ इआ, ओए. शी. म्हशी हाकतोय काय. अलोहा वाउ इआ... भात नको, भात नको, अं-अं... ओए." आता जवळ आलं. त्याला चव लागली. त्याने ते हळू म्हटलं, मोठ्याने म्हटलं, वाऱ्याच्या वर चढवून म्हटलं, एकदा तर डोळे मिटून हज्जीसारखं बोटाने कोणाला तरी जवळ बोलवत म्हटलं.

झालं होतं असं की त्याने आवळलेला पट्टा छातीवरच्या वॉकीटॉकीच्या बटणावर बरोबर बसला होता. बटण दाबलेलं असेल तोवर आपलं बोलणं सगळ्या प्लांटला जातं आणि दुसऱ्याचं आपल्याला येत नाही. सदानंद नट काढायला वाकला तेव्हा कुठे पट्टा सरकला, बटण सुटलं आणि वॉकीटॉकी खरखरला.

कंट्रोल रूममध्ये अरुणकुमार बसला होता. अरुणकुमार फार शिस्तीचा माणूस. आणि रेडिओची शिस्त अशी, की वरून जो निरोप येईल तो खालच्याने शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा. बोलणाऱ्याने तो ऐकून बरोबर म्हणायचं, मगच पुढचं काम. कोणी व्हॉल्व बंद कर म्हणावं आणि दुसऱ्याने उघडावा, असं होऊ नये म्हणून. अरुणकुमारला मराठी येत नव्हती, तेव्हा म्हशी आणि भात त्याने सोडून दिला. पण एक वाक्य सदानंदभाई सारखं, सावकाश, एकेक अक्षर तोडून सांगतोय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं त्याला कळलं. त्याने ते कागदावर उतरवलं होतं.

"सदानंदभाई, कॉपी," अरुणकुमार गंभीर आवाजात म्हणाला. "आय रिपीट. अलोहा वाउ इआ... ओए. कन्फर्म करो."

आणि इथे सदानंदच्या हातून ती चूक झाली. घात सवयीने केला. वीस वर्षं रेडिओवर काम केलेल्या माणसाच्या कानावर निरोप जसाच्या तसा परत आला, व मध्ये पडलेला, आ लांबवलेला, ओकिनासकट. डोकं जागं व्हायच्या आधी अंगठा बटणावर गेला.

"करेक्ट," सदानंद म्हणाला. "थँक यू, अरुणकुमार."

मग त्याच्या लक्षात आलं. तो टाकीवर खाली बसला.

"रॉजर," अरुणकुमार म्हणाला. "कौन सा व्हॉल्व? टॅग नंबर क्या है? ओपन करना है या क्लोज़?"

दोन पाइपलाइनींवरून दोन जणांनी विचारलं की अलोहा कुठल्या एरियात येतं. एका फिलिपिनो वेल्डरने नुसताच "अलोहा" म्हटलं. शेवटी हमदीचा आवाज आला, कौतुकाने भरलेला. "मुमताज़, या सदानंद," म्हणजे झकास रे सदानंदा. "आजचा हमज़ा एकदम परफेक्ट."

सदानंदने टॅग नंबर दिला नाही. "टेस्टिंग होतं," असं सांगून तो खाली उतरला, आणि त्याला वाटलं की मिटलं.

मिटलं असतंही. पण अरुणकुमारने फहाहीलला घरी जाऊन ते बायकोला सांगितलं. काय झालं असेल, सदानंदभाईंना वरचा वारा बाधला असेल का, असं काळजीने सांगितलं. अरुणकुमारची बायको शीबा, वीणाच्याच वॉर्डात सिस्टर. तिने ते मोबाइलमध्ये घातलं आणि अर्थ बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं. मग परत अर्थ बघितला.

सकाळी ड्यूटी बदलताना ती वीणाला बाजूला घेऊन म्हणाली, "चेची," म्हणजे ताई, "कसं सांगू. तुमचे मिस्टर काल माझ्या मिस्टरांना आय लव्ह यू म्हणाले. ऑन ड्यूटी."

वीणाला आधी काहीच कळलं नाही.

"आणि माझे मिस्टर पण त्यांना म्हणाले," शीबा म्हणाली. "मग तुमच्या मिस्टरांनी करेक्ट म्हणून सांगितलं."

त्या संध्याकाळी सदानंद घरी आला तेव्हा टेबलावर दोन डबे धुऊन पुसून ठेवलेले होते.

"हा दुसरा कोणाचा?" त्याने विचारलं.

"अरुणकुमारांचा," वीणा म्हणाली. "उद्यापासून दोन डबे न्या. त्यांना सोलकढी चालते का?"

सदानंदने बूट काढले होते, ते परत घालावेत की काय असं त्याला वाटलं.

"वीणा, ते चुकून..."

"चुकून कसं? तुम्ही करेक्ट म्हणालात. शीबाने सांगितलं. थँक यूसुद्धा म्हणालात."

"ती रेडिओची पद्धत आहे गो. समोरचा बोलला की..."

"मला गो म्हणताय. त्यांना भाई म्हणता की अजून पुढे गेलंय?"

आर्यन सोफ्यावर उशीत तोंड खुपसून थरथरत होता.

पुढचे काही दिवस सदानंदला फार जड गेले. प्लांटवर गेटापासून लोक अलोहा म्हणायला लागले. नेपाळी ड्रायव्हर म्हणायचे, बंगाली सफाईवाले म्हणायचे. अरुणकुमार तेवढा म्हणत नसे. तो सदानंद कंट्रोल रूममध्ये आला की खुर्ची जरा मागे सरकवायचा आणि फार अदबीने बोलायचा. त्यातच सदानंद त्याच्यासमोर सोलकढीचा डबा ठेवायचा, कारण वीणा खरोखरच डबा देत होती आणि अन्न टाकून कसं द्यायचं. फहाहीलच्या बाजारात झुबैदी, म्हणजे आपला पापलेट, घ्यायला गेला तर मासळीवाल्याने तोलता तोलता "अलोहा" केलं. सदानंद इतका हबकला की त्याने तराजू तपासला नाही. असं कधी झालं नव्हतं.

गुरुवारी तो टायरची हवा बघून वर आला. वीणा स्वयंपाकघरात उभी होती, काही करत नव्हती.

"मी हसते म्हणून तुम्हाला वाटतं मिटलं," ती म्हणाली. "मला हसू येतंच. येणारच, तुम्ही केलंच आहे तसं. पण मी वाट बघत होते हो. तुम्ही गॅलरीत पुटपुटत होतात तेव्हा मला माहीत होतं. रोज वॉर्डातून येताना वाटायचं, आज म्हणतील. आणि पहिल्यांदा ऐकलं ते शीबाच्या तोंडून."

वर्कशॉपमध्ये टेबलावर गेज अगदी अचूक चालावं आणि लाइनवर कधी बसवलंच जाऊ नये, असली गेजं सदानंदने कपाटात धूळ खाताना बघितली होती. त्यांच्यावर स्टिकर असतो, तारीख असते, आणि ती कोणाच्या काही कामाची नसतात.

"दुसरी भाषा बघू?" त्याने विचारलं. "ही आता उष्टी झाली."

"आणखी एक शिकणार, म्हणजे आणखी एका अरुणकुमारला म्हणणार."

"मग मराठीत..." त्याने सुरुवात केली आणि घसा जागच्या जागी बंद झाला. इतका सुरेख ओकिना त्याला आजवर जमला नव्हता.

वीणाला दया आली. "राहू दे," ती म्हणाली. "मराठीत तुम्ही म्हणालात तर मलाच पळून जावंसं वाटेल. हवाईयनच म्हणा. उष्टं तर उष्टं. उद्या समुद्रावर जाऊ."

शुक्रवारी दुपारी ते दोघंच अबू हलीफाच्या किनाऱ्यावर गेले. थंडीचे दिवस, त्यामुळे निम्मं कुवेत वाळूवर आलेलं. कोणी कोळसे फुंकत होतं, कोणी सतरंजीवर घोरत होतं. वीणाने घडीच्या खुर्च्या उघडल्या, थर्मासातून चहा ओतला आणि समुद्राकडे तोंड करून बसली. सदानंद उभाच राहिला. त्याने उजवीकडे बघितलं, तिथे एक सीरियन कुटुंब कणसं भाजत होतं. डावीकडे दोन गुजराती म्हातारे व्यायाम करत होते.

"इथे हवाईचं कोणी नाही," वीणा म्हणाली. "आणि तुमचा रेडिओ?"

"घरी ठेवलाय."

"मग म्हणा."

सदानंद तिच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. तिच्या चष्म्याच्या काचेवर वाळू उडालेली त्याला दिसली. ती पुसायला हात पुढे झाला, तो त्याने आवरला. मग त्याने श्वास घेतला आणि म्हटलं.

"अलोहा वाउ इआ ओए."

न खोकता, सलग. म्हणून झाल्यावर त्याचे कान तापले, पण पळावंसं वाटलं नाही. वीणाने कपातला चहा सावकाश प्यायला.

"चुकलं," ती म्हणाली.

"खय?" गडबडून मालवणी बाहेर पडली. "कुठे चुकलं?"

"तो 'वाउ' घाईत म्हटलात. आणि माझ्याकडे न बघता म्हटलात."

"बघणं उच्चारात येत नाही."

"शीबा म्हणाली येतं."

सदानंदने परत म्हटलं, 'वाउ' सावकाश, नजर चष्म्याच्या काचेवर.

"आता 'आ' आखूड झाला."

त्याने तो लांबवला. सीरियन बाईने कणीस फिरवायचं थांबवून इकडे बघितलं. सदानंदला ते दिसलं, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, याचं त्याला नवल वाटलं.

"आता त्या शेवटच्याच्या आधी थांबला नाहीत."

"थांबलो होतो."

"मला नाही ऐकू आलं. परत."

त्याने परत म्हटलं. यावेळी त्याला स्वतःलाच कळलं की हे अचूक आहे. व मध्ये पडला, आ पुरेसा लांबला, घसा बंद होऊन बरोबर वेळी उघडला. कानामागे फूल खोचलेल्या बाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. त्याने विजयी मुद्रेने वीणाकडे बघितलं.

"अंहं," वीणा म्हणाली. "अजून कच्चं आहे."

"ह्या बरोबर होता," सदानंद परत मालवणीत घसरला. "मी शपथेवर सांगतो."

"तुम्ही कोण ठरवणार? तुम्ही म्हणताय, मी तपासतेय."

आता सदानंदच्या डोक्यातलं व्यावसायिक मन जागं झालं. वीणाला हवाईयन येत नव्हतं. तिला हे वाक्य शीबाने म्हणून दाखवलं होतं, शीबाला अरुणकुमारने, आणि अरुणकुमारने ते टाकीवरून ऐकलं होतं, सदानंदच्या तोंडून. म्हणजे तिच्या हातातलं मास्टर गेज फिरून फिरून सदानंदच होता. असल्या तपासणीला कुठल्याही प्लांटवर कोणी स्टिकर दिला नसता. हे तिला समजावून सांगायला त्याने तोंड उघडलं.

वीणाने कप वाळूवर ठेवला होता. दोन्ही हात मांडीवर जुळवून, मान जराशी तिरकी करून ती बसली होती, आणि ऐकायला अगदी तयार दिसत होती. ओठ तिने आत दुमडून धरले होते, हसू बाहेर पडू नये म्हणून.

सदानंदने तोंड मिटलं.

"कुठे कच्चं आहे?" त्याने विचारलं.

"सगळंच," वीणा म्हणाली. "पहिल्यापासून घ्या."

त्याने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला, आणि पहिल्यापासून घेतलं.